स्पंज, जेलीफिश आणि कृमी : साध्या अपृष्ठवंशी प्राण्यांची वैशिष्ट्ये

पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांना अपृष्ठवंशी प्राणी म्हणतात. पृथ्वीवरील ज्ञात प्राणीजातींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जाती या एका शब्दात मावतात. झुरळ, खेकडा, गोगलगाय, माशी हे सगळे त्यातलेच. शाळेच्या पुस्तकात मात्र या प्रकरणाची सुरुवात स्पंज, जेलीफिश, पट्टकृमी, जंत आणि गांडूळ यांच्यापासून होते आणि त्यांना ‘साधे’ किंवा ‘निम्नस्तरीय’ प्राणी म्हटले जाते. फुप्फुसे नाहीत, हाडे नाहीत, बहुतेकांना हृदय नाही, काहींना तर तोंडही नाही. नसलेल्या अवयवांची ही यादी विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात.

त्यापेक्षा प्रत्येक प्राण्याला एकच प्रश्न विचारलेला बरा. अन्न आत कुठून येते आणि उरलेले बाहेर कुठून जाते? स्पंजाच्या अंगाला हजारो छिद्रे असतात, पण तोंड नसते. जेलीफिशला एकच दार असते. जंताला आणि गांडुळाला दोन. दारांचा हा हिशेब कळला, की प्राणी चपटा का, लांबट का, त्याला डोके का आहे किंवा का नाही, याची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात. यांतले काही प्राणी माणसाच्या पोटात राहतात, काही किनाऱ्यावर दंश करतात, तर काहींच्या जिवावर शेतजमीन सकस राहते. त्यामुळे हा हिशेब केवळ परीक्षेपुरता नाही.

स्पंज : तोंडाविना खाणारा प्राणी

अंघोळीसाठी पूर्वी वापरला जाणारा खरा स्पंज म्हणजे एका समुद्री प्राण्याचा सांगाडा. (आज दुकानात मिळतो तो बहुधा प्लास्टिकचा असतो.) जिवंत स्पंज खडकाला चिकटून राहतो. तो पळत नाही, काही पकडताना दिसत नाही, हात लावला तरी सहसा दखल घेत नाही. साहजिकच कित्येक शतके त्याला वनस्पती समजत. १७६५ मध्ये जॉन एलिस यांनी स्पंजाच्या छिद्रांतून पाणी ये-जा करते हे दाखवले. पुढे १८२५च्या सुमारास रॉबर्ट ग्रँट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली स्पंजातून बाहेर पडणारी पाण्याची धार पाहिली. ‘पोरिफेरा’ हे नावही त्यांनीच दिले. मराठी पाठ्यपुस्तकांत यालाच रंध्रीय प्राणीसंघ म्हणतात.

या अभ्यासाचा एक धागा मुंबईत येतो. हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले शल्यचिकित्सक मुंबईत होते. बेटावरच्या गोड्या पाण्याच्या तलावांत वाढणारे स्पंज त्यांनी बारकाईने तपासले आणि त्यांचे वर्णन १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. असे तलाव उन्हाळ्यात आटतात, आणि पाणी आटले की स्पंजाचे शरीर मरते. पण त्याआधी त्याने टणक आवरणाच्या बारीक गोळ्या तयार करून ठेवलेल्या असतात. त्यांना जेम्यूल म्हणतात. कोरड्या मातीत त्या तग धरतात आणि पावसाने तलाव भरला की त्यांतून नवा स्पंज उगवतो. गोड्या पाण्यातल्या एका स्पंजाला पुढे कार्टर यांचेच नाव मिळाले, युनापियस कार्टेराय.

स्पंजाचे शरीर म्हणजे पाण्याचा पंप. बाहेरच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रांना ऑस्टिया म्हणतात. तिथून पाणी आतल्या कालव्यांत शिरते. कालव्यांच्या कडेच्या कप्प्यांत कॉलर पेशींचे अस्तर असते. प्रत्येक कॉलर पेशीला एक शेपटीसारखा कशाभ असतो. या कशाभांच्या फटकाऱ्यांनी पाणी पुढे सरकते, तर त्याभोवतीच्या गळपट्टीत जिवाणू आणि अन्नाचे कण अडकतात. गाळलेले पाणी ऑस्क्युलम नावाच्या मोठ्या छिद्रातून बाहेर पडते. पकडलेला घास पचतो तो पेशीच्याच आत. सामाईक पोट नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. पाठ्यपुस्तकांत नेहमी दिले जाणारे उदाहरण ल्यूकोनिया या स्पंजाचे आहे. जेमतेम १० सेंटिमीटर उंच आणि १ सेंटिमीटर जाड असलेला हा प्राणी दिवसाला सुमारे साडेबावीस लिटर पाणी गाळतो. म्हणजे बोटाएवढा प्राणी आणि दीड बादली पाणी.

या शरीरात मज्जातंतू, स्नायू किंवा अवयव नाहीत. चुन्याच्या किंवा सिलिकाच्या सुईसारख्या कंटिका आणि स्पाँजिनचे तंतू एवढाच काय तो आधार. पेशींचे एकमेकींशी नाते किती सैल आहे, हे हेन्री व्हॅन पीटर्स विल्सन यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले. त्यांनी जिवंत स्पंज बारीक विणीच्या रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या, भांड्याच्या तळाशी बसल्या, सरपटत एकमेकींना बिलगल्या आणि त्यांतून पुन्हा चालते-फिरते पाणी असलेले छोटे स्पंज तयार झाले. कोंबडीचे किंवा माणसाचे सोडा, गांडुळाचेही असे करता येणार नाही.

जागेवरून हलता न येणारा प्राणी शत्रूपासून बचाव कसा करणार? अनेक स्पंजांचे उत्तर रासायनिक आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वेर्नर बर्गमन यांना कॅरिबियन भागातल्या एका स्पंजात नेहमीपेक्षा वेगळी शर्करा असलेली न्यूक्लिओसाइड सापडली. त्या रचनेवरून सायटाराबिन हे औषध घडवले गेले. पेशी डीएनएची नक्कल करत असताना हा फसवा घटक आत शिरतो आणि नक्कल थांबते. तीव्र रक्तकर्करोगाच्या उपचारात ते आजही वापरले जाते.

एकच दार असलेली पिशवी

जेलीफिश, हायड्रा, समुद्रफूल आणि प्रवाळ हे निडारिया संघातले प्राणी. जुन्या पुस्तकांत या संघाला सिलेंटराटा म्हणत. यांचे शरीर म्हणजे पिशवी. पिशवीचे तोंड हेच प्राण्याचे तोंड, आणि न पचलेले अन्नही तिथूनच बाहेर. ऐकायला गलिच्छ वाटते, पण स्पंजाच्या तुलनेत ही मोठी सोय आहे. घास पेशीहून मोठा असला तरी चालतो. पिशवीत पाचकरस सोडून अख्खा मासा विरघळवता येतो. तोटा असा, की आधीचे जेवण आवरल्याशिवाय पुढचे नीट सुरू होत नाही.

पिशवीच्या भिंतीत पेशींचे दोन थर असतात, बाह्यस्तर आणि अंतःस्तर. म्हणून यांना द्विस्तरीय प्राणी म्हणतात. दोन थरांच्या मध्ये जेलीसारखा पदार्थ असतो. जेलीफिशमध्ये तो भरपूर असतो आणि तिच्या शरीरात सुमारे ९५ टक्के पाणीच असते. रक्त किंवा हृदय नसताना काही जेलीफिश माणसाहून मोठ्या कशा होतात, याचे कोडे इथेच सुटते. जिवंत पेशींचे थर पातळ आहेत आणि पाण्याला लागून आहेत, त्यामुळे प्राणवायू थेट पोचतो. मधल्या जेलीला तो फारसा लागतच नाही.

यांना डोके नसते. शरीराची मांडणी चाकाच्या आऱ्यांसारखी असते आणि तिला अरीय सममिती म्हणतात. खडकाला चिकटलेल्या किंवा पाण्यात तरंगणाऱ्या प्राण्याला अन्न कुठल्याही बाजूने मिळू शकते, संकटही कुठूनही येऊ शकते. मग एकाच टोकाला डोळे आणि मेंदू ठेवून काय उपयोग? यांच्या चेतापेशी जाळ्यासारख्या अंगभर पसरलेल्या असतात.

१७४०च्या दशकात अब्राहम ट्रेम्बले हे नेदरलँड्समध्ये दोन मुलांचे शिक्षक म्हणून राहत असताना त्यांनी डबक्यातल्या एका हिरव्या जिवाचे तुकडे केले. तो प्राणी की वनस्पती, हे त्यांना ठरवायचे होते. प्रत्येक तुकड्याचा पुरा जीव झाला. या प्राण्याला हायड्रा हे नाव लिनियस यांनी दिले. ग्रीक कथेतल्या त्या राक्षसी सर्पाचे एक डोके तोडले की दोन उगवत. मराठी माणसाने नाव ठेवले असते तर बहुधा रक्तबीज ठेवले असते.

या संघाची खरी खूण म्हणजे दंशपेशी. तिच्यात दाबाखाली भरलेली एक सूक्ष्म कुपी असते आणि तिच्या आत गुंडाळलेली पोकळ नळी. स्पर्श झाला की कुपी फुटते आणि नळी भक्ष्याच्या अंगात घुसते. हायड्राच्या दंशपेशीचा हा वार अतिवेगवान कॅमेऱ्याने मोजला गेला, तेव्हा त्याला सुमारे ७०० नॅनोसेकंद लागतात असे दिसले. म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ. प्रत्येक कुपी एकदाच वापरता येते. एकदा फुटली की तिच्या जागी नवी तयार करावी लागते.

पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर निळे फुगे वाहून येतात. त्यांना ‘ब्लू बॉटल’ म्हणतात. लोक त्यांना जेलीफिश समजतात, पण ती फायसेलिया नावाची वसाहत असते. एकाच फुग्याखाली तरंगणारे, शिकार करणारे, पचवणारे आणि प्रजनन करणारे वेगवेगळे घटक जोडलेले असतात. फुगा वाऱ्यावर सरकतो, म्हणून समुद्राकडून वारा सुटला की ही मंडळी वाळूत येऊन पडतात. मेलेल्या दिसल्या तरी त्यांच्या तंतूंतल्या कुप्या शाबूत असतात. दंश झाल्यावर वाळूने घासणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण कातडीवर चिकटलेल्या न फुटलेल्या कुप्या त्या घर्षणाने फुटतात. गोडे पाणी ओतले तरी तोच धोका. तंतू चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने हलकेच उचलावेत, जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात ती बुडवून ठेवावी. उष्णतेने वेदना कमी होतात. श्वास लागला, छातीत दुखले किंवा अंगभर गांधी उठल्या तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

प्रवाळ हे याच संघातले बांधकाम करणारे प्राणी. नवरत्नांतले पोवळे म्हणजे भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा. मंगळासाठी अंगठीत बसवतात तो खडा खाणीतून येत नाही, तो एका प्राणी-वसाहतीचा आधारस्तंभ असतो. उष्ण समुद्रात भिंती उभारणारे प्रवाळ मात्र वेगळे. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून बनवलेली साखर यजमानाला देते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर हे शैवाल बाहेर टाकले जाते. प्रवाळ पांढरे पडते. ते लगेच मरत नाही, पण उपाशी पडते. पाणी वेळेत निवले तरच सावरते. महाराष्ट्राजवळ असे प्रवाळ मालवणच्या किनाऱ्याला आहे आणि विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटरवर खोल समुद्रातून वर आलेल्या आंग्रिया बँक या पठारावरही आहे. पठाराला हे नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून मिळाले.

चपटे का?

‘कृमी’ हा शब्द आकारावरून पडलेला आहे, नात्यावरून नाही. लांबट, मऊ, बिनपायाचा तो कृमी. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ते एका दिशेने पुढे सरकतात. पुढे सरकणाऱ्या प्राण्याला पुढचे आणि मागचे टोक असते, डावी आणि उजवी बाजू असते. यालाच द्विपार्श्व सममिती म्हणतात. जे टोक आधी नव्या जागी पोचते तिथे ज्ञानेंद्रिये आणि चेतापेशी गोळा होतात. डोक्याची सुरुवात इथली. याशिवाय पेशींचा तिसरा, मधला थरही येतो आणि त्यातून खरे स्नायू घडतात.

चपट्या कृमींमध्ये अजून रक्त नाही, श्वसनाचे अवयव नाहीत, देहगुहाही नाही. मधली जागा पेशींनी भरलेली असते. अशा ठासून भरलेल्या शरीरात प्राणवायू साधारण मिलिमीटरभर आतपर्यंतच झिरपतो. जाडी वाढवायची सोय नाही, म्हणून शरीर पापडासारखे पसरट राहते. ओढ्यातल्या दगडाखाली सापडणारा प्लॅनेरिया हा स्वतंत्र जगणारा चपटा कृमी. त्याचे तोंड डोक्यावर नसून पोटाच्या मध्यावर असते आणि दार अजूनही एकच.

पट्टकृमीने तेही दार बंद केले. माणसाच्या आतड्यात सगळीकडे पचलेले अन्नच असते, तेव्हा त्याला तोंड नाही आणि आतडेही नाही. सगळी कातडीच अन्न शोषते. प्राझिक्वाँटेल हे औषध याच कातडीवर आघात करते. ती जागोजागी फाटते, कॅल्शियम आत घुसते, स्नायू आकडतात आणि कृमीची पकड सुटते.

डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीबद्दल एक गैरसमज महागात पडतो. मांस न खाणाऱ्यांना याचा धोका नाही, असे पुष्कळांना वाटते. कच्चट मांसातून पोटात पट्टकृमी वाढतो हे खरे. पण ज्याच्या पोटात तो आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांनी, पाण्याने किंवा कच्च्या भाजीवरून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर अळ्या रक्तावाटे मेंदूत पोचून तिथे गाठी धरतात. हा दुसरा मार्ग शाकाहारी माणसालाही तितकाच खुला आहे. भारतात फिट येण्याच्या प्रमुख कारणांत या आजाराची गणना होते. कोथिंबीर, मुळा, गाजर नीट धुऊन घेण्याचा आग्रह त्यासाठीच असतो.

दोन दारांची नळी

गोलकृमींमध्ये मोठा बदल दिसतो. एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला गुदद्वार. अन्न एकाच दिशेने जाते, त्यामुळे खाणे आणि पचवणे एकाच वेळी चालू राहते. आतडे आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये द्रवाने भरलेली आभासी देहगुहा असते. हा द्रव इतक्या दाबाखाली असतो, की कृमी फुगवलेल्या ट्यूबसारखा ताठ राहतो. त्याच दाबाने आतडे चेपले जाते, म्हणून अन्न आत ढकलायला घशाशी स्नायूंचा पंप लागतो. स्नायू फक्त लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे गोलकृमी गांडुळासारखा लांब-आखूड होत नाही. तो नुसता वळवळतो. बाहेरचे आवरण चिवट असते आणि वाढताना चार वेळा टाकावे लागते.

मुलांच्या पोटातले जंत, अंकुशकृमी आणि हत्तीरोगाचे कृमी हे सगळे गोलकृमी. जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालू शकते. एका उघड्यावरच्या शौचाने किती माती दूषित होते याचा अंदाज यावरून यावा. शाळा-अंगणवाड्यांत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी कृमीच्या पेशींतली सूक्ष्मनलिकांची चौकट मोडते. मग त्याला ग्लुकोज शोषता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो.

नारूचे मात्र तसे झाले नाही. त्याच्यावर ना औषध होते ना लस. विहिरीच्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवासोबत अळी पोटात जाई. वर्षभराने जवळपास मीटरभर लांबीची मादी पायाला फोड आणून बाहेर येई, आणि रोज थोडी थोडी काडीवर गुंडाळत ती काढावी लागे. थंडावा मिळावा म्हणून रुग्णाने पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवला, की अळ्या पुन्हा पाण्यात. भारतात हे चक्र पाणी कापडातून गाळून आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून किंवा बदलून तोडले गेले. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. कृमी पाण्यात कधी उतरतो हे नेमके कळल्यामुळे हे शक्य झाले.

सगळेच गोलकृमी माणसाच्या मुळावर उठलेले नाहीत. मातीत राहणारा, मिलिमीटरभर लांबीचा सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा जीवशास्त्रातला फार महत्त्वाचा प्राणी. त्याच्या उभयलिंगी प्रौढात प्रजननपेशी सोडून बरोबर ९५९ पेशी असतात आणि त्यांतल्या ३०२ चेतापेशी. प्रत्येक पेशी कुठून आली याची वंशावळ लिहिली गेली आहे. या कामातून पेशींचा नियोजित मृत्यू कसा घडतो हे उलगडले आणि २००२ चे नोबेल पारितोषिक सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना मिळाले.

खोल्याखोल्यांचे शरीर

स्पंज, मग जेलीफिश, मग चपटा कृमी, मग गोलकृमी, मग गांडूळ अशी पायरीपायरीने चढण पुस्तकात दिसते. ती शिकवायला सोयीची आहे, पण वंशावळ म्हणून चुकीची आहे. १९९७ नंतर जनुकांच्या तुलनेवरून चित्र पालटले. कात टाकणारे गोलकृमी कीटक आणि खेकड्यांच्या गोतावळ्यात गेले. गांडूळ आणि चपटे कृमी हे गोगलगाय-शिंपल्यांच्या जवळचे निघाले. चपटा कृमी साधा आहे म्हणून तो गांडुळाचा पूर्वज ठरत नाही.

गांडूळ, समुद्री वलयी कृमी आणि जळू हे वलयी प्राणी. बाहेर दिसणारी वलये म्हणजे आतल्या खोल्यांच्या भिंती. प्रत्येक खोलीत द्रव भरलेला असतो. गांडुळाच्या अंगात गोल आणि उभे असे दोन्ही प्रकारचे स्नायू असतात. गोल स्नायू आवळले की ती खोली बारीक आणि लांब होते, उभे आवळले की जाड आणि आखूड. जाड झालेला भाग दृढरोम मातीत रोवून धरतो आणि बारीक झालेला भाग पुढे सरकतो. एकाच लांब पिशवीत द्रव असता तर हे जमले नसते. गांडुळाला बंद रक्तवाहिन्या आहेत, रक्तात हिमोग्लोबिन आहे, त्यामुळे तो गोल आणि जाड होऊ शकतो. श्वास मात्र ओल्या कातडीतूनच.

चार्ल्स डार्विन यांचे शेवटचे पुस्तक, १८८१ चे, गांडुळांवर आहे. गांडुळे खालची माती विष्ठेवाटे वर आणत राहतात आणि पृष्ठभागावर नवा थर चढवतात, हे त्यांनी अनेक वर्षांच्या मोजमापांनी मांडले. गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्याने एक फरक ध्यानात ठेवायला हवा. खताच्या बेडमध्ये वापरले जाणारे आयसेनिया फेटिडा हे गांडूळ शेण आणि कुजलेल्या पाल्यात राहणारे आहे. ते नुसत्या शेतमातीत सोडले तर टिकत नाही. जमीन खोलवर पोखरणारी गांडुळे वेगळी, आणि ती विकत आणण्यापेक्षा पालापाचोळा न जाळता शेतात ठेवला तर आपोआप वाढतात. गांडूळ कुदळीने तुटले की दोन गांडुळे होतात, हीसुद्धा ऐकीव गोष्ट. डोक्याकडचा भाग पुरेसा लांब असेल तर त्याला शेपूट फुटू शकते, पण शेपटाकडचा तुकडा सहसा मरतो. दोन तुकड्यांचे दोन जीव होणे प्लॅनेरियाला जमते.

पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या पायाला लागणारी जळूही याच घरातली. दोन्ही टोकांना चूषक असतात आणि तिच्या लाळेतल्या द्रव्यांमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ती सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहत राहते. सुश्रुतसंहितेत जळवा लावण्याच्या विधीवर स्वतंत्र अध्याय आहे. तुटलेले बोट जोडल्यावर त्यात साचलेले रक्त काढायला आजचे शल्यचिकित्सकही कधीकधी वैद्यकीय जळू वापरतात. जोडलेल्या बोटात नव्या शिरा तयार व्हायला काही दिवस लागतात, आणि तेवढे दिवस रक्ताला बाहेर पडायची वाट जळू करून देते.